सय्यद मास्तरांचं प्रस्थान

आमच्या जालन्यात त्या काळी कुणी फार बढाया मारायला लागला की लोक म्हणायचे, "जा बाबा, स्पेनला जा!" ही म्हण सय्यद मास्तरांवरून पडली. ज्यांनी ती पाडली त्यांच्यातल्या एकालाही मास्तरांच्या नखाची सर नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा आणि आता दात पडले तरी येतो.

मी शाळेत गणित शिकवायचो. मास्तर तारीख आणि जुग्राफिया, म्हणजे इतिहास आणि भूगोल. हैद्राबाद संस्थानाची शाळा, त्यामुळं शिकवणं सगळं उर्दूत. मी अंबडकडच्या कुणब्याच्या घरचा. बेरीज उर्दूत करायचो आणि हातचा मराठीत धरायचो. शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मास्तर माझ्याजवळ आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "भाऊसाब, खेड्यातून इथं येताना असं काय आणलं जे लागलंच न्हाई?"

मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट दिसतोय. पण तो त्यांचा नेहमीचा सवाल होता. संध्याकाळच्या गाडीला ते स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. कुणाला आणायला न्हाई, पोचवायला न्हाई. उतरणाऱ्या माणसाला गाठून विचारायचे, "काय नेलं होतं जे लागलं न्हाई? आणि काय राहिलं जे लागलं?" काशीहून आलेली म्हातारी असो की हैद्राबादेहून आलेला वकील, सवाल तोच. लोक हसायचे, पण सांगायचे. मास्तर मान हलवत ऐकायचे. त्यांचं म्हणणं असं, की सफर बिघडते ती वाटेत न्हाई, गाठोडं बांधतानाच बिघडते.

हे सगळं चाललं होतं स्पेनसाठी. तिथली कुर्तुबा, इश्बीलिया, तुलैतला, गर्नाता ही शहरं त्यांना बघायची होती. नकाशावर त्यांचीच नावं कॉर्डोबा, सेव्हिल, टोलेडो, ग्रनाडा अशी लिहिलेली असतात. कधीकाळी तिथं मुसलमानांचं राज्य होतं. खांबांची मोठी मशीद आहे, कारंज्यांचे महाल आहेत, हे ते वर्गात असं सांगायचे की पोरांना घंटा झालेली कळायची न्हाई. एकदा परीक्षेत एका पोरानं लिहिलं की कुर्तुबा शहर कुंडलिका नदीच्या काठी आहे. दोष मास्तरांचाच. "तिथली नदी आपल्या कुंडलिकेसारखी समजा, फक्त पाणी बारमाही," असं ते शिकवायचे. मी म्हटलं, "शून्य द्या गाढवाला." मास्तर म्हणाले, "नदी चुकली भाऊसाब, पण पूल बराबर जागेवर ठेवलाय त्यानं." आणि अर्धे मार्क दिले.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर स्पेनचा नकाशा होता. कागदावरचा न्हाई, भिंतीवरच गेरूनं काढलेला. दर रमजान ईदेला घराला चुना लागायचा आणि स्पेन पुसलं जायचं. मग मास्तर स्टुलावर चढून आठवणीनं पुन्हा काढायचे. दर साली एखादं शहर इकडं-तिकडं सरकायचं. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून त्यांच्या बायकोचा, बीबीजानचा आवाज यायचा, "या साली कुर्तुबा दर्या के नजदीक आ गया जी. अच्छा हुआ, मेरा चलना बचा!"

बीबीजान कडक पडद्यातल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला, चेहरा कधी पाह्यला न्हाई. आमच्या आईचं मात्र त्यांच्याकडं रोजचं जाणं-येणं. आईनंच मला सांगितलं की स्पेनचं हे खूळ मुळात मास्तरांचं न्हाईच, ते बीबीजानचं. त्यांचे वडील औरंगाबादेत मास्तरांचे उस्ताद होते. लेकीला लहानपणापासून कुर्तुब्याच्या गोष्टी सांगायचे. लग्नानंतर मास्तरांनी विचारलं, "क्या चाहिए?" तर ही बाई म्हणाली, "कुर्तुबा दिखाओ." दुसरी असती तर पाटल्या मागितल्या असत्या. एका सफरनाम्यात मास्तरांना वाचायला मिळालं की तिकडं संध्याकाळी नवरा-बायको रस्त्यानं जोडीनं फिरतात आणि कुणी वळून बघत न्हाई. ते त्यांनी बीबीजानला वाचून दाखवलं. बीबीजाननं म्हणे विचारलं, "सच्ची कोई कुछ नहीं बोलता?"

इथं जालन्यात त्यांचं बाहेर पडणं म्हणजे पडदा लावलेला टांगा. घरातून टांग्यात आणि टांग्यातून दुसऱ्या घरात. आई मला म्हणाली, "तिला मशिदी-महालाचं काय न्हाई रे भाऊ. तिला नवऱ्याच्या संगं रस्त्यानं चालायचंय." ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मी स्पेनची थट्टा सोडली.

गावानं काही सोडली न्हाई. मशिदीतले बुजुर्ग मास्तरांना म्हणायचे, "हज टाकून फिरंग्यांच्या मुलखात कशाला?" मास्तर अदबीनं सांगायचे, "हजरत, हज अल्ला घडवील तेव्हा घडेल. ही फालतू सफर आहे, ती घडवायला त्याला कशाला तकलीफ? ही माझी मीच घडवतो."

एक गोष्ट गाव अजून चवीनं सांगतं. मास्तरांना वाटलं, पेटी आणि वळकटी घेऊन टांग्यानं स्टेशनवर पोचायला किती वेळ लागतो ते एकदा करून पाहावं. तालीमच म्हणा ना. सुट्टीचा दिवस बघून निघाले. पण टांग्यावर पेटी आणि वळकटी पाह्यली आणि गावात बोंब झाली, "सय्यद मास्तर चालले! स्पेनला चालले!" स्टेशनवर ही गर्दी. हेडमास्तर धावत आले, कुणी हार आणले, शाळेच्या पोरांनी गाणं म्हटलं. हेडमास्तरांनी तिथल्या तिथं भाषण ठोकलं, "आमच्या मदरशाचा हिरा" वगैरे वगैरे. मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते माझ्या कानात म्हणाले, "भाऊसाब, आता काय करू? यांना तालीम म्हणून सांगू?" मी म्हटलं, "आता बोलाल तर जोडे खाल. बसा गाडीत." बसले बिचारे. हारासकट.

उतरले बदनापुरात. पुढचंच तर स्टेशन! एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी शरमेनं चार-दोन दिवस काढले आणि मुकाट परत आले. चौकात पोरांनी गाठलं, "मास्तर, कसं होतं स्पेन?" दुसरा कुणी असता तर थाप मारून मोकळा झाला असता. मास्तर उभे राह्यले आणि शांतपणे म्हणाले, "स्पेन अजून पाह्यलं न्हाई बेटा. बदनापूर पाह्यलं. पाणी गोड आहे." गावानं हसून हसून पोट धरलं. मी बाजूलाच होतो. मला हसू येईना. खोटं सहज खपत असताना खरं बोलायला छाती लागते, आणि ती या किडकिडीत माणसाकडं होती.

शेवटी खरी रजा मंजूर झाली. पोटाला चिमटा घेऊन जमवाजमव झाली होतीच. मुंबईच्या बोटीच्या कचेरीशी बोलणं ठरलं, पावसाळा सरला की निघायचं. आता आमची आई मध्ये पडली. ती म्हणाली, "मास्तर, एकदा चातुर्मास लागला की लांबची वाट धरायची न्हाई. त्याच्या आधी परस्थान ठेवा."

मास्तरांना काही कळेना. आईनं समजावलं. निघायचा मुहूर्त चांगला आहे पण पाय निघत न्हाई, अशा वेळी माणसानं आपलं एक गाठोडं जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपल्या अंगावरचा एक चांगला कपडा. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग ते माघारी घरात आणायचं न्हाई. आणलं तर जाणं मोडलं.

मास्तर एकदम खूश झाले. "म्हणजे सामान पुढं आणि माणूस मागून! बिलकुल अक्कलवाली रस्म आहे आक्का." आमचं घर स्टेशनच्या बाजूला होतं, म्हणजे जायच्या दिशेलाच. आईनं पंचांग पाहणाऱ्याला विचारून दिवस काढला. मास्तरांनी आपली एकुलती एक शेरवानी गाठोड्यात घातली आणि 'बिस्मिल्ला' म्हणून ते आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. आईनं वर हळद-कुंकू वाह्यलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं न्हाई, आणि मलाही न्हाई.

चातुर्मास लागला आणि उर्दू अखबारात बातमी आली की स्पेनमध्ये आपसातच लढाई पेटली. भाऊ भावाला मारतोय, शहरांवर विमानांतून बॉम्ब पडतायत. बोटीच्या कचेरीनं हात वर केले. मी मास्तरांकडं गेलो तेव्हा ते भिंतीवरच्या नकाशापुढं उभे होते. मला वाटलं, सफर मोडल्याचं दुःख करत असतील. ते म्हणाले, "भाऊसाब, इश्बीलियात ज्या सराईत उतरायचं ठरवलं होतं, ती चालवणारी एक विधवा बाई आहे म्हणे. तिचं काय झालं असेल?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळे त्यांच्या जाण्याचा विचार करत होतो आणि हे त्या न पाहिलेल्या बाईचा.

गाठोडं आमच्याच घरी राह्यलं. भटजी म्हणाले, परस्थान काही दिवसच चालतं, मग उतरतं. आई म्हणाली, "मंग मी नवे तांदूळ घालते. लढाई काय जन्मभर चालती का?" दर थोड्या दिवसांनी ती गाठोडं सोडायची, तांदूळ बदलायची, पुन्हा बांधायची. ईद आली तेव्हा पंचाईत झाली. मास्तरांची शेरवानी तर गाठोड्यात! आई ती घरी नेऊ देईना. "माघारी न्याची न्हाई. इथं येऊन घाला आन इथंच काढून ठेवा." झालं. तेव्हापासून दर ईदेला पहाटे मास्तर आंघोळ करून साध्या सदऱ्यात आमच्या घरी येत. आतल्या खोलीत शेरवानी चढवत, अत्तर लावत आणि आमच्या उंबऱ्यातून नमाजाला जात. परत येऊन ती काढून, नीट घडी घालून, गाठोड्यात ठेवत. आई सुपारी मोजून बघायची. मग शिरखुर्मा यायचा. मी एकदा म्हटलं, "मास्तर, पुरे हा खुळेपणा, घेऊन जा शेरवानी." तर दोघंही माझ्यावर उखडले. "तू गप बस," आई म्हणाली. "तुला हिसाबाच्या पलीकडं काय कळतं?"

स्पेनची लढाई थांबली तर जगाची सुरू झाली. बोटी बंद. ती थांबेपर्यंत मास्तरांच्या दाढीत काळा केस राह्यला न्हाई आणि बीबीजानला दमा जडला. तरी मास्तरांची उमेद होतीच. त्यांनी पुन्हा बोटीच्या कचेरीकडं विचारणा केली. पण डॉक्टरांनी साफ सांगितलं, बाईंना समुद्र आणि इतका प्रवास झेपायचा न्हाई, वाटेतच जातील. त्या संध्याकाळी मास्तर आमच्याकडं आले. ईद नव्हती. कोनाड्याकडं बघत म्हणाले, "आक्का, दे दो."

आईला न सांगता समजलं. आयुष्यात रीत म्हणजे रीत म्हणणारी ती बाई. तिनं गाठोडं उतरवलं, पण मास्तरांच्या हातात दिलं न्हाई. स्वतः पदराखाली धरून बीबीजानकडं घेऊन गेली. दोघी पडद्यामागं काय बोलल्या कुणास ठाऊक. मास्तर आणि मी बाहेर ओसरीवर बसलो होतो. आतून बीबीजानचं रडणं ऐकू आलं, आईचंही आलं. मास्तर मला म्हणाले, "उससे मैंने एकच वादा किया था भाऊसाब. एकच." गणिताच्या मास्तराला अशा वेळी खरंच काही कळत न्हाई.

त्यानंतरच्या ईदेला भिंतीला चुना लागला तो तसाच राह्यला.

मग ते वाईट दिवस आले. संस्थानाचं काय होणार कुणाला कळेना. गावात हत्यारं घेऊन पोरं फिरायला लागली, काल ओटीवर बसणारा आज ओळख देईना. आमच्यासारखी कितीतरी घरं गुपचूप हद्द ओलांडून वऱ्हाडात चालली होती. एका रात्री आमच्या दाराला कुणीतरी काळी खूण करून ठेवली. सकाळी मास्तर आले, ती खूण पाह्यली आणि आत येऊन बसले. "भाऊसाब, निघावं लागेल. सफर मी बांधून देतो."

आणि काय बांधून दिली! आयुष्यभर गोळा केलेली ती सगळी विद्या त्यांनी आमच्या एका बैलगाडीवर ओतली. मी तांब्याचा हंडा घेतला, त्यांनी काढून ठेवला. "वाजतो." आईनं देवाची पेटी घेतली, ती राहू दिली, वर हातानं गोधडीत गुंडाळून दिली. दशमी किती, पाणी कुठं, हद्दीपलीकडच्या देऊळगाव राजाच्या वाटेवर कुठला ओढा पावसानं चढलेला असेल, कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, माणूस स्टेशनवर विचारून विचारून हेही शिकला होता! गाडी चाँदभाई गाडीवानाची, तीसुद्धा त्यांनीच ठरवली. गाडीला बीबीजानच्या टांग्याचा पडदा लावला. आत आई, माझी बायको, लेकरू आणि मी. माझ्यासारखा धिप्पाड माणूस बायकांच्या पडद्यात गोधडी पांघरून आडवा! आई म्हणाली, "हलू नको, गाडी डुलती."

फटफटायला निघालो. मास्तर पुढं पायी. आणि त्यांच्या बाजूला बुरख्यात बीबीजान, पायी. आई पडद्यातून कुजबुजली, "अगं बाई, तू कशाला? दम लागंल. वर ये."

"नक्को आक्का," बीबीजान म्हणाल्या. "सामान मैं बाँधी, तो छोड़ने भी मैंच आऊँगी."

नाक्यावर त्या हत्यारवाल्या पोरांनी गाडी थांबवली. मी श्वास धरून पडलो होतो. नुसते आवाज ऐकू येत होते. एक पोरगेला आवाज म्हणाला, "सय्यदसाब? इत्ती सुबह किधर?" पोरगा शाळेतलाच असणार. आता मास्तर काय सांगतात? मला माहीत होतं, या माणसाला खोटं बोलता येत न्हाई.

मास्तर म्हणाले, "सैर को."

मग कुणीतरी फिसकन हसलं, "स्पेन कू क्या मास्तर?"

"हौ," मास्तर म्हणाले. "तुम्हारी उस्तानी को मुल्क दिखाना है. जिंदगी गई, कुछ दिखाया नहीं."

सगळे खो खो हसले. ज्या हसण्यानं या माणसाचा आयुष्यभर पाणउतारा केला, तेच हसणं त्या पहाटे आमच्या कामी आलं. आणि मग एकदम गप्प झाले, कारण सय्यदाच्या घरची बाई रस्त्यात पायी उभी होती, आणि आपण हसतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "जाओ उस्ताद, जाओ." कुणी पडदा उचलला न्हाई. चाकं फिरली.

पाहुण्याला पाण्यापर्यंत पोचवावं म्हणतात. ओढ्यापर्यंत दोघं आले. बीबीजान दोनदा चाकाला धरून थांबल्या, पण गाडीत बसल्या न्हाईत. ओढ्यावर मी पडद्याबाहेर आलो आणि मास्तरांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी वरच्या वर धरलं. म्हणाले, "भाऊसाब, मी खोटं बोललो न्हाई हां. बिलकुल न्हाई."

पुढं सगळं निवळलं, संस्थान गेलं, आम्ही परतलो. तोवर मास्तर आणि बीबीजान हैद्राबादेला तिच्या भावाकडं गेले होते. पत्ता कुणाला धड ठाऊक नव्हता. मी दोनदा हैद्राबादेला जाऊन शोधलं, भेट झाली न्हाई. हे माझ्या मनाला लागून राह्यलंय, आणि ते असंच लागून राहणार.

पण त्या सकाळी ओढा ओलांडून आम्ही चढ चढलो आणि मी मागं वळून पाह्यलं. ऊन वर आलं होतं. मास्तर आणि बीबीजान गावाच्या दिशेनं परत चालले होते, रस्त्याच्या मधोमध, जोडीनं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बीबीजानचा नकाब वर केलेला होता. एवढ्या लांबून चेहरा दिसला न्हाई. मास्तर हात लांब करून तिला डावीकडं काही दाखवत होते, मग उजवीकडं. तिथं होतं काय? कुणाची मोट, पेरलेलं शेत, एक लिंबाचं झाड, टेकडीवरचा मोडका दर्गा. बीबीजान प्रत्येक ठिकाणी थांबत होत्या, नीट बघत होत्या आणि मगच पुढं चालत होत्या.